वरच्या आडावर पाणी कुणी भरायचं?

मंडळी, आज चावडीसमोरची बैठक मोडली, म्हणून वाचनालयाच्या या फळ्यावर लिहितोय.

गावात पटकीनं माणसं जातायत. खालच्या आडाच्या पाण्यातूनच रोग पसरतोय, म्हणून आटपाडीच्या डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितलंय. वरच्या आडावर सगळ्यांनी भरायचं, एवढंच ठरवायचं होतं.

"सगळ्यांनी म्हंजी कुणी कुणी? खालच्या आळीनं बी?" वरच्या आळीतल्या एकानं विचारलं आणि भांडण पेटलं.

परवाच लेक गमावलेल्या हमीदाबी उठल्या. "आवं, माज्या पोरीला मी कुटलं पानी द्याचं व्हतं, त्येवडं सांगा."

एकेक जण उठून गेला.

संध्याकाळी खालच्या आडावर पुन्हा घागरी दिसल्या. मी धावत जाऊन अडवलं.

"मग पिऊ काय, मास्तर?" एका बाईनं विचारलं.

तिचा प्रश्न इथं तसाच लिहितोय. तुमच्यापैकी कुणी उत्तर देईल का?