गुरुवारचं टेबल आणि माझा नवस

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात नवीन आलेल्या बायका मला हटकून विचारतात, "म्हणजे तुम्ही ख्रिश्चन का हो?" मी म्हणते, "नाही हो, ज्यू. बेने इस्राएल. ठाण्याच्या." मग त्या 'अय्या' करतात आणि माझ्या साडीकडे नव्याने बघतात. कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत. एवढं सगळं सांगेपर्यंत समोरचीचा चहा गार होतो. मला त्याचं काही वाटत नाही. पण माझ्या मुलीला युनिव्हर्सिटीत तिच्याच धर्माच्या पोरांनी विचारलं, "तू खरी ज्यू आहेस, की नुसती इंडियन?" तेव्हा मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

हे तिला ऐकावं लागलं ते एका टेबलामुळे. युनिव्हर्सिटीच्या जेवणाच्या हॉलमध्ये ती आणि तिची मैत्रीण दर गुरुवारी दुपारी एक गोल टेबल धरून बसायच्या. मैत्रीण पॅलेस्टिनी. आईवडील अम्मानला, ही इथे फार्मसी शिकायला आलेली. कुठल्याही धर्माच्या कुणीही यावं, सोबत जेवावं, काय विचारायचं ते विचारावं. नियम एकच, ताट रिकामं होईपर्यंत राजकारण काढायचं नाही. सुरुवातीला खुर्च्या कमी पडायच्या. ती पोरगी दोनदा आमच्या घरी राहून गेली. माझं नारळाच्या दुधातलं माशांचं कालवण तिने बोटं चाटत खाल्लं आणि मला काकू म्हणायला शिकली. मला आवडायची ती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही.

मग तिकडे गाझात युद्ध पेटलं आणि इकडे टेबल रोडावलं. युनिव्हर्सिटीच्या हिरवळीवर निदर्शनाचे तंबू उभे राहिले. दोन्हीकडची पोरं आपापले झेंडे घेऊन एकमेकांवर ओरडू लागली. शुक्रवारी मुलगी ज्यू विद्यार्थ्यांबरोबर शब्बाथच्या, म्हणजे आमच्या पवित्र वाराच्या जेवणाला जायची, तिथे तिच्या शेजारी कुणी बसेना. मैत्रिणीला तिच्या माणसांनी सुनावलं, "आपली माणसं मरतायत आणि तू यांच्याबरोबर जेवतेस?" एका गुरुवारी कुणीतरी टेबलावर लाल रंग ओतून पळालं. कुणी ते कळलंच नाही. पुढे दोघींचा फोटो नावासकट इंटरनेटवर आला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी वाचलं. नवऱ्याला वाचू दिलं नाही.

"सोड गं ते टेबल," मी फोनवर म्हणाले. "कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?"

"आई, वी आर जस्ट इटिंग लंच, यार."

"आईला यार म्हणू नकोस. आणि लंच खोलीत बसूनही करता येतं!"

माझी भीती वेगळीच होती. आम्ही अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत. मुलगी सात वर्षांची असताना इथे आली, पण एकवीस पूर्ण झाली आणि आमच्या व्हिसावरून तिचं नाव उतरलं. आता ती स्वतःच्या स्टुडंट व्हिसावर. विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द होतायत अशा बातम्या रोज येत होत्या. कुठल्या यादीत कुणाचं नाव कसं जातं, हे आमच्या ओळखीत कुणालाच सांगता येईना. उद्या हिला परत जा म्हणाले तर ती जाणार कुठे? ठाण्यात तिला रिक्षावाल्याला पत्ता सांगता येत नाही.

आमच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलतात. मलिदा म्हणजे गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि सोबत फळं. मागितलेलं मिळालं की घरी मलिदा करायचा, प्रार्थना म्हणायची, सगळ्यांनी खायचा. नोकरी, बाळंतपण, व्हिसा, आमच्या घरात सगळ्यासाठी झालाय. एका सकाळी भांडी घासता घासता मी बोलून गेले, माझी मुलगी त्या टेबलावरून सुखरूप उठू दे, मी मलिदा करीन. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. रडण्यात शब्दच कळेनात. मैत्रिणीचा व्हिसा रद्द झाला होता. कारण कुणी दिलं नाही. वकील म्हणाला, धरून नेण्याआधी स्वतःहून गेलेलं बरं. चौथ्या दिवशी ती अम्मानच्या विमानात बसली, शेवटचं वर्ष अर्धवट टाकून. मी 'अगं बाई' म्हणाले, 'बिचारी' म्हणाले, आणि मला खरंच वाईट वाटलं. पण फोन ठेवला आणि केवढा मोठा सुस्कारा सुटला माझा! ती नाही म्हणजे टेबल नाही. मी मुलीला विचारलंसुद्धा नाही. धरूनच चालले.

नवस बोलला की लांबणीवर टाकू नये, असं आई सांगायची. मी मुलीला रविवारी घरी बोलावून घेतलं. सकाळी पोहे भिजवले, खोबरं खवलं, फळं मांडली. नवरा म्हणाला, "कसला मलिदा?" मी म्हणाले, "बोलले होते मी. तू प्रार्थना म्हण." ठाण्याला मलिद्याला पाय ठेवायला जागा नसायची, इथे आम्ही तिघंच. त्याने हिब्रू प्रार्थना म्हटली. माझं आमेन सगळ्यात मोठं होतं.

मुलीने पहिला घास खाल्ला आणि तिचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी खुलला. "आई, ग्रीन कार्ड आलं का आपलं?"

"नाही."

"मग मलिदा कशासाठी?"

थाप मारता आली असती. पण मला वाटलं, कळू दे की हिला, आईचा जीव किती टांगणीला लागला होता ते. मी म्हणाले, "तू त्या टेबलावरून सुटलीस ना, म्हणून."

तिने ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते, भांडायला मी कधी हटत नाही.

"आई, मी कुठे सुटले? तिला घालवलं. मी लास्ट गुरुवारी पण बसले होते. एकटी. कोणीच आलं नाही." मग ती म्हणाली, "आणि तू देवाला थँक यू म्हणालीस?"

मुलीने बॅग उचलली आणि दुपारच्या बसने परत गेली. मलिदा टाकायचा नसतो, म्हणून तिच्या ताटातला मीच खायला घेतला. माझा नवस फळलाच नव्हता. आमच्या घरी जेवून गेलेल्या एका पोरीला देशाबाहेर काढलं म्हणून मी देवाचे आभार मानले होते, आणि माझी मुलगी येत्या गुरुवारीही तिथे एकटीच बसणार होती.