आत्याचा पाण्यातला देव

सबंध सिंगापुरात देव कुणाला वचकून असेल, तर तो यिशुन भागात राहणाऱ्या माझ्या आत्याला. इतर बायका देवापुढे हात जोडतात, ही कमरेवर हात ठेवून उभी राहते. ब्लॉकची लिफ्ट बंद पडो की पुरणपोळी फाटो, पहिला जाब पितळी गणपतीला: "काय रे, नुसता बसून असतोस दिवसभर!" आम्ही मात्र त्याच्याविरुद्ध ब्र काढायचा नाही. मी एकदा "देवबीव" म्हणालो, तर मला भरल्या ताटावरून उठवलं बाईंनी!

आतोबांना हृदयविकाराचा झटका येऊन ते आयसीयूत गेले, त्या दिवशी तिने देव पाण्यात घातले. राईस कुकरच्या भांड्यात गणपतीला गळ्यापर्यंत बुडवून बजावलं, "हे घरी येईपर्यंत तूही बाहेर यायचं नाहीस." माझं डोकंच फिरलं. तिकडे डॉक्टर झटताहेत आणि इकडे हा प्रकार! त्यातच डेंग्यूच्या डासांसाठी घरोघर तपासणी करणारी बाई आली. भांडं पाहून म्हणाली, "आंटी, स्टँडिंग वॉटर कॅनॉट लाह!"

आत्या कडाडली, "माय गॉड! पनिशमेंट! हजबंड कम होम, देन गॉड कम आउट!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती बाई मात्र हसली नाही. "देन चेंज वॉटर एव्हरी डे, कॅन?"

"कॅन," आत्याने उपकार केल्यासारखं सांगितलं. तेव्हापासून रोज पाणी बदलायचं, तेही कोमट करून, बोट बुडवून पाहून. शिक्षा करायची आणि वर सर्दी होऊ नये म्हणून जपायचं! मी धुमसत राहिलो. पण देवाशी कडाकडा भांडून झालं की ती ताठ मानेने डबा घेऊन हॉस्पिटलात यायची, आणि हातपाय गाळून बसलेल्या आम्हा सगळ्यांना दटावून जेवायला घालायची, हेही खरं.

आतोबा घरी आले नाहीत. सगळं उरकून परतलो आणि ते भांडं दिसताच माझा तोल गेला. "आता सुतक आहे, शिवू नकोस त्याला! राहू दे तसाच बुडलेला!"

आत्याने शांतपणे गणपती बाहेर काढला, पदराने पुसला, कानांमागेसुद्धा.

"त्याच्यावर ओरडू नकोस रे. नाही जमलं त्याला. घरातलाच आहे तो, त्यालाही सुतकच."

मग त्याला मांडीवर घेऊन ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मी दारात नुसता उभा होतो. रडायचं मलाही होतं, पण ते रडणं घेऊन कुणाकडे जावं ते मला कळेना.