आमच्या घरातलं पाचवं मत

आमच्या साताऱ्याच्या घरात कुठल्याही प्राण्याला नाव नव्हतं. मांजराला आम्ही मांजर म्हणायचो आणि कोंबडीला कोंबडी. नाव ठेवणारा मालक होऊन बसतो, आणि मालक या शब्दाला आमच्या घरात कधीच पाट मांडला गेला नाही. वडील जन्मभर पत्रकं काढत आले. दारूच्या दुकानाविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाणीपट्टीच्या वाढीविरुद्ध. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. एका बाजूला माझी चुकलेली वजाबाकी, दुसऱ्या बाजूला ‘नागरिकहो, जागे व्हा’. माझी जडणघडण अशी झाली.

ठेवायला म्हणून प्राणी आम्ही कधी विकत आणले नाहीत आणि बांधले तर नाहीतच. मांजर आपलं आपण आलं. शेजारच्या बँकवाल्या काकांची बदली झाली तेव्हा त्यांचे ससे आमच्याकडं राहिले. पिंजरा आम्ही पहिल्याच दिवशी भंगारात घातला, तेव्हापासून ससे खाटेखाली हिंडायचे आणि तिथले गठ्ठे खायचे. पाणीपट्टीचं पत्रक त्यांना मानवलं नाही. दारूबंदीचं मात्र त्यांनी पार संपवलं. कोंबडी भावानं एका रविवारी रश्शासाठी आणली होती. आमच्याकडं सगळं हात वर करून ठरतं. आई आणि मी एका बाजूला, वडील आणि भाऊ दुसऱ्या. मतं समान पडली म्हणून विषय पुढच्या रविवारवर ढकलला. तो रविवार अजून उगवलेला नाही. कोंबडी अंडी घालते आहे.

अकरावीत मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘साखळी काढा’. बांधून ठेवणाऱ्यानं प्रेमाची भाषा करू नये, असं त्यात ठणकावलं होतं. ते मी कॉलनीत घरोघर वाटलं. समोरच्या काकूंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, “छान लिहिलंयस. आता तुमच्या मोकळ्या सशांनी माझी मेथी खाल्ली, त्याच्यावर पण एक काढ.”

कुत्रा त्यानंतर आला. आई तेव्हा सांगली जिल्ह्यात, आटपाडीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवायची. तिची साताऱ्याला बदली झाली, तेव्हा तिला आणायला मी गेले होते; निरोपाला तिच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप पिल्लू घेऊन आला. तो मेंढपाळ. उंच, मिशीला पीळ, खिशात कायम वाजणारा मोबाईल. त्याच्याकडं एक पद्धत आहे. राखणीचं पिल्लू डोळे उघडले की मेंढ्यांत ठेवायचं, मेंढीचं दूध पाजायचं, माणसांनी फार जवळ घ्यायचं नाही. मग ते मेंढ्यांनाच आपलं घर समजतं.

“आवं बाई, ह्याला मांडीवर घिऊ नगासा,” तो म्हणाला. “मेंढरातलं हाय. लाड केला की बिघडतंय.”

गाडीत बसल्याबरोबर मी त्याला मांडीवर घेतलं.

पहिले काही दिवस पिल्लू घरभर काहीतरी शोधत फिरलं. मग त्यानं जे होतं त्यावर भागवायचं ठरवलं असावं. दिवस कलला की ते सशांना हुसकत पेरूच्या झाडाखाली आणायचं, कोंबडीला मागून ढोसायचं. मांजरानं पहिल्याच वेळी त्याच्या नाकावर पंजा ओढला, त्यामुळे मांजराशी समझोता झाला. ते भिंतीवर बसायचं आणि कुत्रा भिंत कळपातच धरायचा. जनावरं जमली की तो आमच्याकडं वळायचा. आम्ही चौघं घरात असल्याशिवाय भाकरीला तोंड लावायचा नाही. भाऊ सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याकडच्या कारखान्यात कामाला लागला होता, पाळी बदलली की त्याला उशीर व्हायचा. कुत्रा फाटकात उभा आणि त्याच्या ताटलीतल्या भाकरीवर मुंग्या.

वडिलांच्या बैठका अंगणात भरायच्या. अशाच एका बैठकीतून चहा पिऊन एक काका हळूच उठले, तर कुत्रा त्यांना आडवा. ते डावीकडं सरकले, तो डावीकडं. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत, नुसता आडवा. शेवटी काका परत सतरंजीवर बसले.

“सभेला माणसं टिकत नाहीत म्हणून पाळलंय होय हे?”

“आम्ही पाळलेलं नाही,” वडील म्हणाले. “तो इथं राहतो. पण ठराव होईपर्यंत बसा आता.”

त्या दिवशी सगळे ठराव झाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी कुत्र्याकडं बघत राहिले. याला कुणी बांधलेलं नाही, मग हा कुणाची चाकरी करतोय? आणि हा आम्हाला अडवतोय, तर बांधलेलं नक्की कोण? पत्रकात याचं उत्तर नव्हतं. पत्रक मीच लिहिलेलं होतं.

मग आम्ही पांगलो. भावानं जाण्यायेण्याला कंटाळून खंडाळ्यात खोली घेतली. मी कायदा शिकायला सांगलीला मावशीकडं गेले. मावशीकडं माशांची काचेची पेटी आहे. दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी. पहिल्याच आठवड्यात मी त्या पेटीला तुरुंग म्हणाले.

“मग सोडून येऊ कृष्णेत?” मावशी म्हणाली. “तिथल्या मगरीला विचारून ये आधी, तिला तुझं म्हणणं पटतंय का.”

गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून रात्रीच्या जेवणात मीठ कमी आहे यावरून भांडले.

साताऱ्याहून आईचा फोन आला तो कुत्र्याबद्दल. तो खात नव्हता. भाकरी, दूध, अंडं, काही नाही. दिवस कलला की ससे आणि कोंबडी गोळा करायचा, आई-वडिलांना हुंगायचा, मग फाटकात जाऊन उभा राहायचा. फासळ्या दिसायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, सुया दिल्या, रोग काही सापडला नाही.

“त्याला मेंढ्यांत परत सोडू या,” आई म्हणाली. “आपण काही आता एका घरात यायचो नाही.”

“प्राणी म्हणजे काय सामान आहे, परत करायला?” मागून वडिलांचा आवाज.

मग रीतसर मतदान झालं, मोबाईलवर. आई आणि भाऊ परत सोडण्याच्या बाजूने. वडील आणि मी विरोधात. मी मुद्देसूद बोलले. ज्यानं आपल्याला आपलं मानलं, त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध दुसरीकडं धाडणं हा अन्याय आहे. फोन ठेवल्यावर मला वाटलं, त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला इथं उपाशी ठेवणं काय आहे मग? दोन्ही मुद्दे मला सारखेच पटत होते. आमच्या घरात अशी सोय नाही. हात एकतर वर असतो, नाहीतर खाली.

मतं समान. पण कोंबडीसारखा हा विषय ढकलता येणार नव्हता. तेव्हा वडिलांना सुचलं की पाचवं मत आहेच की, ज्याचा प्रश्न आहे त्याचं. ते आम्ही कधी घेतलंच नव्हतं.

दिवाळीनंतर पूर्वेकडचे मेंढपाळ चाऱ्यासाठी आपल्या भागात उतरतात. आईनं फोन केला तर तोच मेंढपाळ कोरेगावच्या पुढं, एकाच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवून होता. शेताला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. “या की,” तो म्हणाला. “मलाबी बगायचं हाय, केवढं झालंय.”

ठरल्या रविवारी मी सांगलीहून गेले, भाऊ मोटारसायकलवर आला, आई-वडील पत्रकं छापणाऱ्या प्रेसच्या ओळखीच्या टेम्पोतून कुत्र्याला घेऊन आले. मला बघून कुत्रा उठला, शेपूट हलली, पण उडी मारण्याइतकं बळ त्याच्यात नव्हतं.

वडिलांनी निवडणूक अगदी स्वच्छ घ्यायची ठरवली होती. कुणी हाक मारायची नाही. खिशात बिस्किट ठेवायचं नाही. चुचकारायचं नाही. आम्ही चौघं बांधावर उभे राहणार, पलीकडं मेंढ्या, मध्ये कुत्र्याला सोडायचं. जिकडं जाईल तिकडं त्याचं मत.

मेंढपाळानं सगळं नीट ऐकून घेतलं. “व्हय व्हय. आन् शाई कुटं लावायची, सर? शेपटाला?”

त्याची बायको चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. वडील हसले नाहीत. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, “तो आपल्याकडं आला तर काय करायचं, ते ठरलंय का?” ते ठरलेलं नव्हतं.

“तुमच्याकडंच यील बगा,” मेंढपाळ म्हणाला. “खाल्ल्या घराला जागणारं हाय.”

भावानं कुत्र्याला मध्ये आणून ठेवलं आणि मागं सरला. कुत्रा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग मेंढ्यांकडं गेला. तिथल्या कुत्र्यांनी गुरगुर केली, मेंढपाळानं त्यांना दटावलं. एका मेंढीनं डोकं खाली घालून ढुशी दिली. यानं ती ढुशी सोसली आणि कळपाभोवती एक फेरी मारली. पाय लटपटत होते, पण फेरी पुरी केली. आईनं डोळ्यांना ओढणी लावली. वडिलांनी मान हलवली, म्हणजे निकाल मान्य.

तेवढ्यात तो मागं फिरला. आमच्याकडं आला, पण आमच्यापाशी थांबला नाही. वळसा घालून पाठीमागं गेला आणि वडिलांच्या पोटरीला नाकानं ढोसलं. मग भावाच्या. मग माझ्या. आम्ही बांधावरून खाली उतरलो, न उतरून चालणारच नव्हतं. तो डावीकडून, उजवीकडून आम्हाला रेटत राहिला, थेट मेंढ्यांत नेऊन घातलं आम्हाला. आई तर हातात चपला घेऊन. चौघं लोकरीत गुडघ्यापर्यंत बुडालेलो, चहूकडं बें बें, आणि बाहेर तो, जीभ काढून, आमच्याकडं बघत बसलेला.

मेंढपाळाच्या बायकोनं भाकरीचा तुकडा टाकला. त्यानं तो खाल्ला. दुसराही खाल्ला.

मेंढ्या आमच्या अंगाला अंग घासत होत्या.

“हे मत कुणाकडं धरायचं?” वडिलांनी शेवटी विचारलं. त्यांनी खरंच विचारलं होतं.

मेंढपाळानं डोकं खाजवलं. “मलाबी न्हाई कळंना, सर. आसं कवा बगितलं न्हाई.” मग मिशीत हसून, “तुमीच चला की आमच्यासंगं. बाई मेंढरास्नी शिकवतील, तुमी पत्रकं वाटा. खात्यात ती, कागदं.”

या वेळी वडीलही हसले, पण थोडंच. कारण तोवर आम्हाला सगळ्यांनाच कळलं होतं. त्याला तिथं सोडून गेलो तर तो आमच्या मागं पळत येणार. घरी नेलं तर पुन्हा फाटकात उभा. मेंढपाळ म्हणाला, “ठिवायचं आसंल तर चार दिस बांदाय लागंल. न्ह्यायचं आसंल तर गाडीत बांदा. बिगार बांदल्याचं कसं व्हईल?” त्यानं खोपटाच्या मेखेवरची दोरी काढली आणि कुणाला द्यावी हे न कळून तशीच धरून ठेवली.

हात वर करा, असं वडील म्हणाले नाहीत. आई माझ्याकडं बघत होती. भाऊ जमिनीकडं. दोरी मी घेतली. का घेतली, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच डोक्यात होतं, की मेंढ्या रोज एका जागी गोळा होतात आणि आम्ही चौघं होणार नाही. आणि त्याचबरोबर हेही, की ही फक्त माझ्या सोयीची गोष्ट असू शकते.

मी आयुष्यात कधी कुणाला बांधलेलं नव्हतं. गाठ कशी मारतात तेही धड माहीत नव्हतं. कुत्र्यानं मान पुढं केली, जशी खाजवून घ्यायला करतो तशी. मी गाठ मारली. ती सैल होती, ओढली असती तर सुटली असती. मेंढपाळानं ती बघितली, तशीच राहू दिली आणि दोरीचं दुसरं टोक मेखेला अडकवलं. त्याच्या बायकोनं मला हात धुवायला पाणी घातलं.

आम्ही निघालो तेव्हा कुत्र्यानं दोरी ओढली नाही. तो उभा राहिला आणि एकदा आमच्याकडं, एकदा मेंढ्यांकडं, असं बघत राहिला. मेंढ्या पसरायला लागल्या होत्या.

‘साखळी काढा’ हे पत्रक आमच्या कॉलेजातल्या मुलांना पुन्हा छापायचं आहे. त्यातला एकही शब्द खोटा आहे असं मला आजही वाटत नाही. मी त्यांना हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मेंढपाळाचा परवा फोन आला. दोरी कधीच सोडलीय म्हणे. कुत्रं खातंय, अंगावर मांस आलंय. “पर दिस बुडायच्या वक्ताला रस्त्याकडं तोंड करून उबं ऱ्हातंय. लय न्हाई, थोडा येळ. मग जातंय मेंढरांत.”

त्याला बांधून निघालो त्या रविवारी कोरेगावच्या स्टँडवर आम्ही चौघं उभे होतो. भावाला खंडाळ्याला जायचं होतं, आई-वडिलांना साताऱ्याला, मला कराडवरून सांगलीला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. कराडची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. भावानं मोटारसायकलची किल्ली हातात धरली होती, लावत नव्हता. आईनं उगाच सगळ्यांना विचारलं, चहा घ्यायचा का. आम्ही घेतला. दुसरी गाडी लागली. कंडक्टर दारातून ओरडला, “ओ ताई, येताय का थांबताय?”

मी वडिलांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. आमच्यातलं कुणीच आधी हलायला तयार नव्हतं.