निम्मं बिल

मुलगी बघायला आता आमच्याकडे फारसं कुणी घरी येत नाही. मधल्या कुठल्या तरी गावी हॉटेलात भेटायचं, दोन्हीकडची माणसं समोरासमोर, मधे पनीरची भाजी. बिल मुलीकडच्यांनी द्यायचं हे न बोलता ठरलेलं असतं. मुलाकडचे "आमी देतो, आमी देतो" म्हणत जरा झटापट करतात आणि पाकीट परत खिशात घालतात. खरोखर पैसे काढतात ते फक्त मुलगी नको असलेले. निम्मं बिल देतात, म्हणजे तुमचं अन्न अंगावर ठेवलं नाही, आता आम्ही मोकळे.

हे सगळ्या फलटण तालुक्याला माहीत होतं, माझ्या वडिलांना सोडून. अण्णांचं अर्धं आयुष्य फौजेत गेलं. तिथल्या मेसमध्ये खर्च वाटून घेणं म्हणजे समोरच्याला बरोबरीचा मानणं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

शिरवळच्या एका कारखान्यातल्या मुलाचं स्थळ आलं होतं. आईला गाडी लागते, म्हणून आमच्याबरोबर आत्या, अण्णांची धाकटी बहीण. मुलानं माझ्याकडे एकदाच पाहिलं, तेही मी पाणी पिताना. त्याच्या मामानं मात्र नीट पाहिलं, माझ्या ताटाकडे. बिल आल्यावर तो म्हणाला, "निम्मं निम्मं करू सुभेदारसाहेब. तुमची माणसं कमी हायती, पर पोरगीनं लय हाणलंय, तवा बरोबर हुतंय."

सगळे हसले. अण्णाही हसले आणि खुशीत त्यांनी बडीशेपेच्या बशीत शंभराची नोट टाकली. मामानं ती उचलून त्यांच्या खिशात परत कोंबली, स्वतःचे पन्नास बशीत ठेवले आणि म्हणाला, "पन्नास तुमी टाका. टिप बी निम्मी." वेटरची टिप निम्मी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. निघताना अण्णांनी मामाला कडक सलाम ठोकला.

"माणसं चांगली हायती," घरी येईपर्यंत अण्णांचं चाललं होतं. "बरोबरीनं वागवत्यात."

आत्याला तेव्हाच सांगता आलं असतं. पण तिला चारचौघं लागतात. पुढं चुलतभावाच्या पोरीच्या बारशाला सगळी भावकी पंगतीला बसली होती आणि अण्णा शिरवळच्या पाहुण्यांची तारीफ करत होते, तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "आरं दादा, नकार दिला रं त्यांनी! तुझं अन्न अंगावर ठिवलं न्हाई, आन तू सलाम ठोकून आलास व्हय?"

पंगतीत एकच हशा पिकला. एका चुलत्यानं तर उष्ट्या हातानंच सलाम ठोकून दाखवला. मी वाढत होते. मला कुणी नाकारलं यावर माझीच माणसं जिलेबी खात हसत होती आणि मी त्यांना आणखी जिलेबी वाढली. अण्णा ताट तसंच टाकून उठले. त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी साध्या चहाचे पैसे द्यायला गेलं, तरी त्यांचा चेहरा बघवत नसे.

मग सांगलीचं स्थळ आलं. मुलाचं कुपवाडला छोटं वर्कशॉप होतं. याही वेळी आमच्याबरोबर आत्याच होती. हॉटेलात जेवण झाल्यावर आम्हा दोघांना बोलायला बाहेर पाठवलं. त्याच्या नखांत ग्रीस होतं. "लिंबानं घासलं, तरी जात नाही," तो म्हणाला आणि त्यानं हात लपवले नाहीत. मला काय आवडतं, काय नाही, हे विचारून तो उत्तराची वाट पाहत थांबला. मला तो आवडला. फार आवडला.

आत परत येताना तो म्हणाला, "बिल आपण निम्मं निम्मं करायचं. मी घरच्यांना बजावून ठेवलंय. दर वेळी मुलीच्या बापालाच का भुर्दंड? पसंती असो नसो." मग दार उघडून धरत म्हणाला, "आणि मला पसंती आहे."

मला बारशाची पंगत आठवली. मी त्याला तिथंच सोडून जवळजवळ पळत टेबलापाशी गेले. पण त्याच्या वडिलांनी बिलावर हात ठेवला होता. "निम्मं आमचं हं, साहेब," ते हसून म्हणत होते.

अण्णा उभे राहिले. त्यांनी सगळ्या बिलाचे पैसे टेबलावर आपटले. वर पाचशेची नोट बशीत टाकली.

"टिप बी आमचीच," ते म्हणाले. "आन आमचं खाल्लेलं अंगावर ठिवायचं नसंल, तर त्या बेसिनपाशी जाऊन वका."

मुलाच्या आईचा बडीशेपेचा चमचा हातातच राहिला. तो मुलगा मागून येऊन उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. मी "अण्णा, ऐका तरी" म्हणत होते आणि अण्णा माझं मनगट धरून मला बाहेर नेत होते.

गाडीत विट्यापर्यंत दोघं बहीणभाऊ खुशीत होते. "आज भावकीचं नाक राखलंस, दादा," आत्या म्हणाली.

"या खेपेला नकार आपुन दिला," अण्णा म्हणाले. "त्यांच्या आधी." बारशानंतर पहिल्यांदाच ते हसत होते. आरशातून माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्याकडून शाबासकी हवी होती.

मग मी सांगितलं. त्या मुलानं बाहेर काय म्हटलं ते एकही शब्द न गाळता सांगितलं, पसंतीचंसुद्धा. त्यांना लागावं म्हणूनच सावकाश सांगितलं. आत्या खिडकीबाहेर बघायला लागली.

अण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मग मान न वळवता म्हणाले, "माघारी फिरायचं का गं?"

"कुठं?" मी विचारलं. "बेसिनपाशी?"

त्यांनी गाडी सुरू केली आणि आम्ही घरी आलो.