ग्रीकांच्या घरात माझी चूल

हसायचं तर आधीच हसून घ्या, नाहीतर चहा नाकातून येईल!

तेव्हा, पंच्याण्णव-शहाण्णव साली, आम्ही बहारीनला, गुदैबियात राहायचो. समोरच्या दारातले शिरीषभाऊजी समुद्राकाठच्या जुन्या किल्ल्यावर नकाशे काढायला जायचे. तिथलं टेकाड खणून एक गोरी मॅडम ग्रीकांच्या वेळची घरं शोधत होती. भाऊजींचं काम महिनाअखेरीला संपणार, मग व्हिसाही खलास! त्यांची बायको काळजीनं अर्धी झाली होती.

पण दोन हजार वर्षांपूर्वीचं घर बघितल्याशिवाय मला चैन पडेल का? शुक्रवारी सुट्टी. ह्यांना म्हटलं, “चला!” वर चिटपाखरू नाही. दोरी बांधलेली होती, पण दोरीचं काय, वाकलं की झालं!

आणि किल्ल्यावर जाऊन गार पोळी खायची? छे! त्या घरांतलाच आडोशाचा कोपरा बघून तिथलेच तीन दगड उचलून मांडले, पिठलं रटरटवलं, निखाऱ्यांत फणसाच्या आठळ्या भाजल्या. मे महिन्यात चिपळूणहून आणून मातीत पुरून जपलेल्या! एक राखेत हरवली, म्हणून हे घरी येईपर्यंत कुरकुरत होते. निघताना राखेवर माती लोटली. स्वच्छता नको?

चार दिवसांनी भाऊजी पेढे घेऊन दारात.

“वहिनी, चूल सापडली! ग्रीकांची!”

माझा पेढा हातातच राहिला.

“आडोशाच्या कोपऱ्यात का हो?”

“हो! राखेत जळकं बीसुद्धा निघालं. मॅडम म्हणतात, असलं बी या मुलखातलं नव्हेच. उद्या तपासायला परदेशी पाठवणार. माझं काम वाढतंय बघा!”

“अंगठ्याएवढं? वर पातळ साल?”

“अहो, तुम्हाला कसं कळलं?”

पेपराआडून हे म्हणाले, “घ्या! माझी आठळी सापडली!”

भाऊजींनी पेढ्यांचा पुडा मिटला. समोरच्या दारात उभ्या त्यांच्या बायकोचा चेहरा तर बघवेना. मग काय, मी सकाळीच डबाभर आठळ्या घेऊन किल्ल्यावर हजर झाले.

“मॅडम, नो ग्रीक. माय चूल. सॉरी.”

मॅडमनी डबा बघितला, एक आठळी खाल्ली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग गंभीर झाल्या. मी हलवलेले दगड मुळात कुठे होते? ते फक्त भाऊजींनाच ठाऊक, त्यांच्या नकाशांत एकेक दगड काढलेला! सगळं जागच्या जागी लावायला त्यांना तीन महिने वाढवून मिळाले.

म्हणजे नोकरी मीच वाचवली की नाही? मोठ्या तोऱ्यात पुन्हा बघायला गेले. दोरीपाशी भाऊजींनी रंगवलेली नवी पाटी. वर अरबी, मध्ये इंग्रजी आणि खाली ठळक मराठीत:

‘वहिनी, इथे चूल मांडू नका.’