ऑलवेज इन हाय स्पिरिट्स

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येतं, असं फक्त मीच म्हणतो. म्हणून तर पुतणीचा, तेजलचा, बायोडेटा लिहायचं काम मी मागून घेतलं.

पसंती तशी आधीच झाली होती. तेजल वापीला नोकरीला जाते, मुलगा तिच्याच ऑफिसातला, उंबरगावचा. राहिला होता तो फक्त त्याच्या वडिलांचा, धनसुखभाईंचा होकार.

"काका, साधंच लिहा हं. ते नाही म्हणाले तर संपलं सगळं!" तेजलने बजावलं.

(साधं? डहाणूत चिकूची वाडी सांभाळतो म्हणून काय झालं!)

आता आमची तेजल म्हणजे गॅसवर दूध ठेवून दुकानात जाणार, तिथे दोघांशी भांडणार आणि दूध उतू जायच्या आत परत येणार. हे इंग्रजीत कसं सांगायचं? मोबाईलवर 'उत्साही' टाकलं, तर डझनभर शब्द निघाले. त्यातले भारदस्त वाटले ते सगळे घातले: गर्ल इज व्हेरी फास्ट, हायपर, ऑलवेज इन हाय स्पिरिट्स!

दुसऱ्याच दिवशी धनसुखभाईंचा फोन.

"भाई, फास्ट म्हणजे किती फास्ट? आधी कुठे काय जमलेलं?"

"छे हो! कामात फास्ट!"

"अने हायपर? बीपीची गोळी चालू हाय?"

"नाही, नाही! ठणठणीत आहे!"

"मग हे स्पिरिट? आमच्या गुजरातमधी दारूबंदी हाय, भाई!"

"अहो, ते स्पिरिट नाही! आतलं स्पिरिट!"

"मी पण आतलंच विचारतो!" आणि रविवारी घर बघायला येतो म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेजल माझ्याशी बोलेनाशी झाली. तिचे रडून सुजलेले डोळे बघून मला खरंच स्वतःची लाज वाटली. निदान पाहुणचारात तरी कसर ठेवायची नाही असं ठरवून रविवारी पहाटेच ताडावरून उतरवलेली ताजी नीरा आणली. फ्रिज वहिनींच्या श्रीखंडाने भरलेला, म्हणून नीरेचा जग ओटीवर ठेवला. दहाला येणारे पाहुणे हायवेवर अच्छाडच्या चेकनाक्याला ट्रकच्या रांगेत अडकले आणि दीडला पोचले.

"भावजी, ती नीरा आता नीरा राहिली नसेल, आंबून ताडी झाली असेल," वहिनी कुजबुजल्या.

"काहीतरीच काय! आज सकाळचीच आहे!"

धनसुखभाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "तुमच्यात पोरीला पण हेच देता?"

तेजलचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, दारू नाही, नीरा! नुसतं गोड पाणी! हे बघा!" म्हणत मी त्यांचा ग्लास रिकामा केला. तरी त्यांचा चेहरा सैल होईना, म्हणून मग अख्खा जग.

पाव तासात मी व्हेरी फास्ट बोलू लागलो. अर्ध्या तासात हायपर झालो आणि ओटीच्या खांबाला कवेत घेऊन आदिवासींचा तारपा नाच नाचू लागलो! तेजलने एका हाताने माझी कॉलर धरली, दुसऱ्या हाताने पाहुण्यांना श्रीखंड वाढलं, मला खाटेवर नेऊन आपटलं आणि आत जाऊन चहाचं दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला.

धनसुखभाई हे सगळं बघत होते. त्यांनी खिशातून बायोडेटा काढला, एकदा तेजलकडे पाहिलं, एकदा खाटेकडे, आणि मांडीवर थाप मारली.

"हां, आता समजला! पोरगी तर एकदम चांगली हाय. काकाने चुकून स्वतःचा बायोडेटा पाठवला!"

होकार मिळाला. तेजल सुखात आहे. मी उंबरगावला गेलो की व्याही माझ्यापुढे फक्त पाणी ठेवतात, आणि तेही सकाळचं नाही ना, हे आधी वास घेऊन बघतात!