केसाएवढा चढलेला गंधार

आमच्या मावसाजींइतका दुःखी माणूस अख्ख्या रायपुरात नसेल, आणि त्यांचं दुःख मोजायला गेलं तर केसाएवढंही भरत नव्हतं. लोकांना मुलगा नापास झाल्याचं दुःख असते, बदली झाल्याचं असते. मावसाजींना गंधार चढल्याचं होतं. रेल्वेतून रिटायर झाल्यावर पुरानी बस्तीतल्या घराच्या ओसरीत ते हार्मोनियम दुरुस्त करत बसायचे, आणि आलेल्या गिऱ्हाईकाला आधी त्याच्या पेटीची शोकवार्ता मिळायची. "सा बरा आहे, पंचम बरा आहे, पण हा ग! पहा कसा वर चढून बसला, नव्या जावयासारखा." कुठल्याही पट्टीत गाता यावं म्हणून पेटीतले बाराही सूर सारख्या अंतरानं बसवतात, त्यात बिचारा गंधार आपल्या जागेवरून वर ढकलला जातो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलेही पंखा बेसूर वाटायला लागला. "साऱ्यांची सोय करायची म्हणून कोणालेच घरी बसू देत नाहीत," ते म्हणायचे, आणि डोळे पुसायचे. खरंच पुसायचे.

रायपूर राजधानी झालं तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटून राहिले होते आणि मावसाजी मंत्र्यांच्या गाड्यांचे सायरन ऐकून कपाळ धरून बसले होते. "येताना चढलेला, जाताना उतरलेला. अरे, एकदा तरी सुरात ये ना बाप्पा!" पंडरीच्या कापडबाजारात मावशीसोबत साडी घ्यायला गेले, तर दुकानातल्या कूलरची घरघर सहन होईना म्हणून बाहेर उन्हात उभे राहिले. एकदा मला स्कूटरवर बसवून थेट बीरगांवला नेलं, एका कारखान्याच्या भोंग्याची तक्रार करायला. गेटवरचा चौकीदार म्हणाला, "चाचा, छुट्टी का भोंगा है, भजन थोड़े गा रहा है." "वोइच तो दुख है भैया," मावसाजी म्हणाले. ही सगळी नक्कल मी लग्नाकार्यात करायचो. ते स्वतः पहिल्या रांगेत बसून पहायचे आणि नंतर सांगायचे, "आवाज जमला पोट्ट्या, पण रडणं जरासं कमी पडून राहिलं."

मावशीसमोर मात्र मी ही नक्कल कधीच केली नाही. कारण मावशी आधी गायची. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी भजन तिचं, पेटी मावसाजींची. एका वर्षी, हे वेड लागायच्या आधी, भर भजनात ह्या माणसानं भाता थांबवला आणि शेदीडशे माणसांसमोर म्हटलं, "गंधार चढला तुझा." मावशी उठली, पदर सारखा केला आणि घरी निघून गेली. त्यानंतर तिनं भाजी निवडतानाही कधी गुणगुणलं नाही. महिनाभरानं मावसाजींनी तानपुऱ्याशी ताडून पाहिलं तर चढलेला गंधार पेटीचा होता. मावशीचा बरोब्बर जागेवर होता.

माफी मागायची कशी हे त्यांना येत नव्हतं; रीड खरवडता येत होती. पितळेची ती इवलीशी जीभ मुळाशी खरवडली की सूर उतरतो, आणि हात जरा जड पडला की मोडते. मोडल्या, दुसऱ्या आणल्या, त्याही मोडल्या. मावशी काळी पाचमध्ये गायची, म्हणजे तिचा सा पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर; म्हणून त्या सा-पासून एकेक सूर मोजत त्यांनी अख्खी पेटी फक्त त्या एका पट्टीसाठी लावली. दुसऱ्या कुठल्या पट्टीत ती वाजवली असती तर कुत्रे भुंकले असते. ह्या कामाला सात वर्षं लागली.

एका रविवारी दुपारी त्यांनी माझ्यादेखत पेटी मावशीसमोर ठेवली. "एक डाव म्हणून पहा," एवढंच बोलले. ती किती तरी वेळ पोळपाट पुसत राहिली. मग बसली आणि सा लावला.

मावसाजींनी काळी पाच दाबली आणि त्यांचं तोंड उतरलं. मावशीचा सा काळी चारवर आला होता. सात वर्षं पितळ खरवडणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं की वयानं गळाही खाली येतो. त्यांनी हळूच चार धरली, गंधार दाबून पाहिला. बाजारच्या पेटीपेक्षाही वर.

"काहून थांबले?" मावशीनं विचारलं.

"चढला," ते म्हणाले, आणि एकदम घाबरले. "पेटीचा! पेटीचा चढला वो. तुझा नाही. तेव्हाही तुझा नव्हता."

"मग नका वाजवू तेवढा," ती म्हणाली, "तेवढा मी घेतो पाहून," आणि तिनं पुन्हा सुरू केलं. आवाज जाडसर झाला होता, मधेमधे फाटत होता. गंधार आला की मावसाजी बोट उचलायचे, भाता नुसता श्वास घ्यायचा, आणि त्या जागी मावशी एकटी असायची. तो बरोबर लागत होता का, मले काय कळते. मावसाजींचं बोट मात्र दरवेळी हवेतच राहायचं, आणि ती पुढच्या सुरावर गेली तरी खाली यायचं विसरायचं.